पेव आणि पाऊस : मराठी साहित्यातला दुष्काळ वाचताना

‘बनगरवाडी’ मी पहिल्यांदा वाचली ती नववीत असताना. शाळेच्या कपाटातली, कव्हर गेलेली प्रत होती. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत शेवटची वीसेक पानं मी आईला वाचून दाखवली. ती बियाण्यासाठी शेंगा फोडत बसली होती. पाऊस नाही, मेंढरं मरतात, एकेक घर वाडी सोडून जातं, आणि शाळेत पोरंच उरली नाहीत म्हणून मास्तरही निघतो. वाचता वाचता माझा आवाज भरून आला होता. आईचे हात थांबले. तिनं विचारलं, “आन् कामं काढली न्हाईत व्हय कुणी? खडी न्हवती?”

मी म्हटलं, “आई, पुस्तक आहे ते.”

“आसंल. पर मानसं जगायला गेली ती कुठं गेली, त्ये लिवलंय का?”

ते लिहिलेलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं.

माणदेशात दुष्काळात गाव सोडण्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. आमच्या घरात १९७२ च्या दुष्काळाला कुणी दुष्काळ म्हणत नाही, ‘बहात्तर साल’ म्हणतात. माझी ओळख ‘खडीवरचा’ अशी करून देतात, कारण मी पोटात असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एका दुष्काळातून गेलेल्या बाईनं दुसऱ्या दुष्काळाच्या वर्णनात काय शोधलं, तर काम कुठं होतं आणि माणसं कुठं गेली. पाऊस का आला नाही, हे तिनं विचारलं नाही.

मी विद्यापीठातला माणूस नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पुढची तीस वर्षं हिशेब लिहिण्यात गेली. वाचन झालं ते तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयांत, आणि रद्दीवाल्यांच्या मेहेरबानीनं. हिशेबनीसाला एक खोड असते. कुठलीही हकिकत ऐकली की रक्कम कुणाच्या नावावर जमा आहे ते तो आधी बघतो. दुष्काळावरचं मराठी साहित्य मी त्याच खोडीनं वाचत आलो आहे. ते वाचून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो. आपल्या लेखकांनी दुष्काळाची गोष्ट बहुतेक वेळा पावसाची गोष्ट म्हणून सांगितली. पण जिथं ती पेवाची गोष्ट म्हणून सांगितली गेली, तिथंच दुष्काळ खऱ्या अर्थानं दिसला.

पेव म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं आपण सर्रास म्हणतो, पण पेव पाहिलेला माणूस विरळा. घराच्या अंगणात, वाड्यात किंवा गावठाणात जमिनीच्या पोटात खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं अशी धान्याची जागा. आतून सारवून, कडबा-भुसा लावून त्यात ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं धान्य टिकायचं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आतली हवा जीव घेणारी असायची, म्हणून आधी दिवा सोडून बघत. दिवा विझला तर थांबायचं. सांगलीजवळच्या हरिपुरात पेवांचा वापर अगदी अलीकडेपर्यंत होता, पण त्यांत व्यापाऱ्यांची हळद असायची. २००५ च्या महापुरानं त्यांतली बरीचशी निकामी केली.

मराठीतली सर्वांत लोकप्रिय दुष्काळकथा या धान्याच्या कोठाराचीच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. पंधराव्या शतकातली, बिदरच्या बहामनी अमलातली ही हकिकत महिपतीबुवांच्या ‘भक्तिविजया’त (१७६२) आली आणि कीर्तनांतून घरोघरी गेली. दुष्काळ पडला, सरकारी कोठारं भरलेली होती, दामाजीपंतांनी ती लोकांसाठी खुली केली. चुगली बादशहापर्यंत गेली. मग पांडुरंगानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन धान्याची किंमत भरली आणि पावती आणली.

कीर्तनात आपण डोळे पुसतो ते देवाच्या महार होण्यावर. ते पुसावेतच. पण हिशेबनीस म्हणून मला या कथेतल्या दोन गोष्टी सोडवत नाहीत. पहिली ही, की दुष्काळात कोठारं भरलेली होती. मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिथली ज्वारी आजही प्रसिद्ध आहे. तेव्हाही ती पिकलेली होती, फक्त सारा म्हणून ती आधीच दुसऱ्याची झाली होती. दुसरी ही, की साक्षात देवालाही ते धान्य फुकट वाटलं असं म्हणता आलं नाही. त्याला रोख भरावी लागली, वर पावती घ्यावी लागली. भक्तीच्या कथेत पावतीचं काय काम? पण ज्यांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्या लोकांना दुष्काळात कागदाची किंमत ठाऊक होती. सरकारी भरणा पोचवणं हे गावच्या महाराचंच काम असायचं. म्हणजे देवानं वेष घेतला तोही व्यवहाराला धरूनच घेतला.

ही कथा आपण आभाळाची केली नाही. ती कोठाराची राहिली, म्हणून टिकली.

तुकोबांचा दुष्काळ १६३० च्या आसपासचा. त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय की दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्नाचा धोशा करत मेली. या ओळी सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून इथं देत नाही. समीक्षक त्यांचा विचार बहुधा वैराग्याचं कारण म्हणून करतात, दुष्काळानं संसार मोडला आणि तुका विठ्ठलाकडे वळला. मला वाटतं, या वाचनात एक गोष्ट निसटते. तुकोबा दुकानदार होते, घरात महाजनकी आणि सावकारी होती. म्हणजे दुष्काळाच्या दोन्ही बाजूंना तेच उभे होते. त्यांच्या घरातलं माणूस भुकेनं गेलं, आणि त्यांच्याच घरात इतरांच्या कर्जाची खतंही होती. परंपरा सांगते की भावाची अर्धी खतं भावाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्या आणि तरल्या, या चमत्कारावर आपण अमाप लिहिलं. पण त्याच नदीत त्याआधी बुडालेली आणि कधीच वर न आलेली खतं ही मराठी साहित्याच्या इतिहासातली दुष्काळावरची पहिली कृती आहे, असं मी मानतो. ज्याच्या हातात कागद होता त्यानंच तो सोडून दिला.

त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुपे गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडची खतं-रोखे हिसकावून जाळले. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला आलेला भाव युद्ध संपताच बसला होता, सारावाढ झाली होती, आणि जमिनी कागदांवरून सावकाराकडे जात होत्या. म्हणजे १८७६ साली पाऊस फिरला त्याआधीच घरातलं पेव रिकामं झालेलं होतं. दुष्काळ पडला तो या लोकांवर.

१८७६-७८ च्या त्या दुष्काळाबद्दल मराठीत जितकं लिहिलं जायला हवं होतं तितकं ललित वाङ्मय नाही. पण इतर कागद आहेत, आणि माझ्या मते तेच साहित्य आहे. हिंदुस्थानातून धान्याची निर्यात त्या काळात चालूच होती. किमतींत हस्तक्षेप करायचा नाही हे लॉर्ड लिटनच्या सरकारचं धोरण होतं. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळी भागाच्या पाहणीवर निघाले आणि त्यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा अशी खाली आणली. बायका-मुलांना त्याहूनही कमी. एक पौंड म्हणजे अर्ध्या शेराच्या आसपास. दिवसभर दगड-माती वाहणाऱ्या माणसाला.

मग जे झालं ते शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटलं नाही. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी लोकांनी संप केला! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागे उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेनं गावोगावहून माहिती जमवून सरकारकडे निवेदनांमागून निवेदनं धाडली. ही निवेदनं रूक्ष आहेत, त्यांत अलंकार नाहीत. पण धान्याचा दर, मजुरीचा दर आणि माणसाला लागणारं अन्न या तिन्हींचा मेळ बसत नाही हे त्यांत ज्या चिकाटीनं मांडलंय, तशी चिकाटी पुढच्या किती कादंबऱ्यांत सापडते?

सावित्रीबाई फुल्यांचं २० एप्रिल १८७७ चं पत्र जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं आहे. त्यात गावं सोडून निघालेली माणसं आहेत, पडणारी जनावरं आहेत, आणि या सगळ्याचा फायदा उठवणारे सावकारही आहेत. पत्र आभाळाकडे बघून थांबत नाही. त्याच वर्षी जोतीरावांनी आणि सत्यशोधकांनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारा, कचेरी, कारकून आणि सावकार यांची जी साखळी येते, तिच्यामागे हा अनुभव उभा आहे. ‘असूड’ हे दुष्काळाचं पुस्तक म्हणून कुणी वाचत नाही. वाचून पाहावं.

इथं एक वेगळी साक्ष नोंदवतो. ती मूळ मराठीत नाही, पण मराठी बाईची आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात भटकत असताना उपासमारीत गेले. पुढे १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली-बायकांना घेऊन आल्या. त्या वेळी त्यांनी आपल्या जुन्या अनुभवावर लिहिलं. त्यात त्या सांगतात की आम्हाला पुराणं सांगण्याखेरीज काही येत नव्हतं, भीक मागायला अभिमान आड येई आणि अंगमेहनतीचं काम करणं कमीपणाचं वाटे. इतक्या निर्दयपणे स्वतःच्या घराबद्दल लिहिणं सोपं नाही. अन्न मिळवण्याची वाट समोर असूनही जात ती कशी बंद करते, हे मला दुसऱ्या कुठल्या लेखनात इतकं स्पष्ट दिसलेलं नाही.

त्याच दुष्काळात ‘केसरी’नं सरकारच्याच दुष्काळ संहितेतल्या तरतुदी लोकांना समजावून सांगितल्या, पीक बुडालं तर साऱ्यात सूट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे म्हणून. हरिभाऊ आपट्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दीर्घकथा याच काळातली. ती १८९७ मध्ये ‘रामजी’ या नावानं लंडनमध्ये इंग्रजीतही निघाली. हरिभाऊंना दुष्काळ हा कथेचा विषय वाटला, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांच्यामागून दुष्काळावर फारसं कुणी गेलं नाही.

आता ‘बनगरवाडी’कडे परत येतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. तिच्याबद्दल काही वावगं लिहिताना माझा हात अडखळतो, कारण माझ्या भागाला साहित्यात जागा मिळाली ती माडगूळकरांमुळे. आईचा प्रश्नही तसा थोडा अन्यायाचाच होता. गोष्ट औंध संस्थानातली, स्वातंत्र्याआधीची. बहात्तरची खडी तिथं कुठून येणार? तरीही, पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला वाटतं की प्रश्न चुकीचा नव्हता.

कादंबरीचा निवेदक मास्तर आहे. पगारी आहे. पगार किती का तुटपुंजा असेना, त्या वाडीत पावसावर अवलंबून नसलेली एकमेव मिळकत त्याची आहे. दुष्काळ तो जवळून पाहतो, कळवळून पाहतो, पण त्याच्या भाकरीचा रस्ता वेगळा आहे. त्यामुळे कादंबरीचा डोळा आभाळावर खिळतो. धान्य काय भावानं मिळत होतं, मेंढरं मरायच्या आधी कुणी विकली, कुणाला, किती पडत्या दरानं, आणि वाडी सोडताना कुणाचं देणं मागे राहिलं, इकडे त्या डोळ्याची नजर फारशी वळत नाही. शेवट एखाद्या करुण निसर्गचित्रासारखा होतो. आणि निसर्गचित्रात दोषी कुणीच नसतो.

गंमत अशी की कादंबरीला स्वतःला हे ठाऊक आहे. शेकूची बायको आठवा. एकच बैल उरला म्हणून ती स्वतः जुवाला खांदा देते. हे पान वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण हा प्रसंग दुष्काळाच्या आधीचा आहे. पाऊस बरा असताना, पेरणीच्या दिवसांत एका घरात बाई बैलाच्या जागी उभी राहते, तेव्हा त्या घरात दुष्काळ आधीच येऊन बसलेला आहे. त्याला पावसाची वाट बघावी लागलेली नाही. माडगूळकरांच्या लेखणीनं हे अचूक टिपलं. शेवटच्या पानांत मात्र त्यांनी ते आभाळावर सोपवलं. मधली पानं शेवटाहून खोल आहेत, असं माझं मत आहे.

चारच वर्षांनी, १९५९ मध्ये, अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली. वारणेकाठचा दुष्काळ, मांगवाड्यातली उपासमार, आणि फकिरा माळवाडीचं धान्य लुटतो. इथं पावसाचं वर्णन नाममात्र आहे. धान्य आहे, ते अमुक ठिकाणी आहे, तमक्याच्या ताब्यात आहे, आणि आपली माणसं मरत आहेत. दामाजीपंतांच्या कथेचीच मांडणी. फरक इतकाच की इथं कोठार आतून उघडणारा कुणी पंत नाही आणि किंमत भरायला देव येत नाही. किंमत फकिरालाच भरावी लागते.

‘फकिरा’त उणिवा आहेत. शौर्याचा सूर फार चढतो. लुटीचं धान्य किती दिवस पुरलं, मग काय खाल्लं, हा हिशेब लागत नाही. बायका वाट बघतात आणि रडतात, त्यांच्या हाताला कादंबरी काम देत नाही. वीरानं दुष्काळ मिटतो यावर माझा विश्वास नाही. पण मराठी कादंबरीत भूक हा ऋतूचा नव्हे, मालकीचा प्रश्न झाला तो इथं.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं तेही अण्णा भाऊंकडेच, पण ‘स्मशानातील सोनं’ या कथेत. ती दुष्काळकथा म्हणून कुणी गणत नाही. तीत पाऊस, पीक, गाव काहीच नाही. गाव सोडून मुंबईला आलेला भीमा उपनगराजवळच्या दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग तो मढ्यांच्या राखेत सोनं शोधू लागतो, पुढे मढी उकरू लागतो. एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि तो ती गमावतो. आणि खाण पुन्हा सुरू झाल्याचं त्याला कळतं तेही नेमकं तेव्हाच.

माणसं जगायला गेली ती कुठं गेली? इथं आली. त्यांना धान्याची टंचाई भोवली नाही, मुंबईत धान्य होतंच. खडी बंद पडली. मजुरी थांबली त्या दिवशी एका माणसापुरता दुष्काळ पडला. अमर्त्य सेन यांचं दुष्काळावरचं १९८१ चं पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळ्यांत वाचलं. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचे आकडे मांडून ते दाखवतात की माणूस मरतो तो धान्य मिळवण्याची ऐपत आणि हक्क संपल्यामुळे. वाचताना मला सारखा भीमा आठवत होता.

अनिल अवचटांचं ‘पूर्णिया’ही (१९६९) या संदर्भात वाचायला हवं. बिहारमध्ये दुष्काळ पडला म्हणून एक मराठी तरुण तिकडे गेला आणि तिथं त्याला पावसापेक्षा जमीनदारीच जास्त दिसली.

बहात्तर सालाला आपण स्वयंपूर्णतेच्या चर्चेत नेहमी चुकीच्या जागी ठेवतो. वसंतराव नाईकांनी १९६५ मध्ये, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या, असं शनिवारवाड्यासमोर जाहीर केल्याचं अजून सांगतात. संकरित ज्वारी आली, खतं आली. ज्वारी पिकली, पण भाकरीला चव नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. किडकिडीत पोराला ‘हायब्रीड’ म्हणायची पद्धत तेव्हाची. आणि मग १९७० ते ७३ असा सलग दुष्काळ आला. स्वयंपूर्णतेची प्रतिज्ञा उघडी पडली. अमेरिकेहून आलेली लालसर मिलो ज्वारी रेशनवर मिळू लागली, कामांवर सुकडी वाटली जाऊ लागली. पण लोक १८७७ सारखे मेले नाहीत. वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना, जिचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला, ती आणि सरकारनं काढलेली दुष्काळी कामं यांनी माणसं तगवली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख लोक या कामांवर होते.

म्हणजे हिशेब असा होतो. १८७७ मध्ये देशातून धान्य बाहेर जात होतं आणि लोक मेले. १९७३ मध्ये धान्य बाहेरून येत होतं आणि लोक जगले. राज्याची स्वयंपूर्णता हा शब्द कानाला कितीही गोड लागला, तरी तो चुलीपर्यंत आपोआप पोचत नाही. याचा अर्थ परक्या मिलोवर विसंबावं असा कुणी काढू नये. आईला विचारलं तर ती मिलोच्या भाकरीचं नाव काढू देत नाही. पण त्या भाकरीसाठी तिच्या हातात मजुरी होती, हे ती विसरत नाही.

खडीवर काय काय मोडलं, हेही तिच्याकडूनच ऐकलंय. शेजारच्या गावच्या पाटलाच्या सुना तोंडावर पदर ओढून आमच्याकडच्या कामावर यायच्या. आपल्या गावात कुणी बघू नये म्हणून दोन कोस चालायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाताला फोड आले तेव्हा महारवाड्यातल्या बायांनी त्यांना हातोडा धरायला शिकवला. चिंध्या बांधून दिल्या. “आन् पानी?” मी विचारलं. आई जरा वेळ गप्प बसली. “माठ दोन हुतं,” म्हणाली. रमाबाईंच्या आई-वडिलांना जे जमलं नाही ते शंभर वर्षांनी पाटलांच्या सुनांना जमलं. माठ मात्र दोनच राहिले. यावर कादंबरी कुठं आहे?

कविता आहे. दया पवारांची, धरणावर राबणाऱ्या बाईची. दलित चळवळीच्या जलशांतून, मोर्चांतून ती इतकी गायली गेली की तिचा कवी कोण हे अनेकांना ठाऊकही नसतं. घाम तिचा आणि पाणी दुसऱ्याचं, एवढीच तिची गोष्ट. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव हा इंग्रज अमदानीतलं दुष्काळी काम. माण तालुक्यात तो उभा आहे, आणि पाणी मुख्यतः खाली आटपाडी-सांगोल्याकडे जातं. त्या बांधावरून मी बऱ्याचदा गेलोय. ती कविता तिथं म्हणून बघावी.

बहात्तरवर लिहायचं म्हणून मी मस्टरं शोधत होतो. हजेरीपत्रकं. पन्नास लाख माणसांची नावं, अंगठे, ब्रासमध्ये मोजलेली खडी आणि दिलेली मजुरी. याहून मोठा दुष्काळग्रंथ मराठीत लिहिला गेलेला नाही. एका कचेरीत तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला कळलं की जुनी मस्टरं मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केली. नियमाप्रमाणेच केली असतील.

गेल्या वर्षी मात्र आमच्या भागातल्या एका जुन्या मुकादमाच्या मुलानं माळ्यावरची ट्रंक उघडून दिली. वडिलांची खासगी वही होती ती, सरकारी नव्हे. गँगवार नावं, रोजची हजेरी, खडीचं माप. आईचं नाव एका अक्षरानं चुकलेलं, पण पुढं वडिलांचं आणि गावाचं नाव बरोबर. १९७३ च्या फेब्रुवारीत तिचा एकही खाडा नाही. मार्चमध्ये सलग नऊ दिवस रेघ मारलेली आहे, दहाव्या दिवशी पुन्हा हजेरी. त्या आठवड्याचं माप इतरांच्या निम्मं.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७२ अशी आहे. मास्तरांनी अंदाजे घातलेली. वहीतलं ते पान मी आईला वाचून दाखवलं. तिनं बाकी काही विचारलं नाही, त्या नऊ दिवसांचे पैसे कापले होते का, तेवढं बघ म्हणाली. कापले होते.